नंजनगूडला कबूल केलेले केस

तिशी गाठेपर्यंत माझ्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे केस. उंची बेताची, बुद्धी बेताची, आणि रंगाबद्दल आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. पण केस असे दाट आणि असे मागे वळलेले, की चामराजपेटमधला आमचा न्हावी मला खुर्चीत बसवल्यावर बाकावरच्या गिऱ्हाइकांना माझं डोकं दाखवायचा. मी आरशात दुसरीकडेच बघतोय असा आव आणायचो. लग्नासाठी काढलेल्या फोटोत मी केसांकडे इतकं लक्ष देऊन बसलोय, की चेहरा द्यायचा राहूनच गेलाय. तो फोटो ज्या ज्या घरी गेला तिथून सुखरूप परत आला. मुलीकडच्यांना माझे केस झेपले नसावेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरात आई आणि मी, दोघंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, मी शाळेत असतानाच गेले. आम्ही बंगळूरचे जुने मराठी. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, एवढंच आम्हाला ठाऊक. गावाकडे कोण आहे असं कुणी विचारलं, तर आम्ही चामराजपेटच सांगतो. आईचं मराठी देवघरात सुरू व्हायचं आणि भाजीवाल्यापर्यंत पोचता पोचता त्याचं कन्नड व्हायचं, मधला सांधा कुठे आहे ते तिलाही सांगता आलं नसतं. देवाशी ती दोन्हीत बोलायची. रोज सकाळी दिवा लावताना नंजनगूडच्या नंजुंडाला, म्हणजे तिथल्या शंकराला, ती कालचा सगळा दिवस सांगायची: दूध पातळ आलं, समोरच्या अक्काची सून माहेरी गेली, ह्यानं काल पुन्हा पानात रस्सम टाकलं. मी आंघोळ करून केस विंचरत ते ऐकायचो आणि हसायचो. मी देव न मानणारा होतो. कारखान्यात डबा खाताना तसं बोलायची एक पद्धत असते, त्यातला.

कारखाना राजाजीनगरच्या बाजूला, पंपांचा. मी तिथे ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची साथ अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. बोर्डावर वाकून पंपांचे छेद काढायचे, पाणी कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं, कुठे अडतं, हे दाखवायचं. त्या धंद्यामुळे मला जगातली प्रत्येक गोष्ट थोडीफार समजते असा माझा समज झाला होता. पुढे काय झालं ते समजायला हा समज लक्षात ठेवणं जरुरीचं आहे.

मग मानेत गाठ आली. एकाची दोन झाली, काखेत आणखी एक. तपासण्या झाल्या आणि लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, यातला बरा होणारा प्रकार आहे, पण महिनोन् महिने शिरेतून औषध घ्यावं लागेल. ऐकून मी समंजसपणे मान हलवली, बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो आणि आमच्या घराकडे जाणाऱ्या बसेस एकामागून एक सोडून दिल्या. मला फार भीती वाटली होती. घरी जाऊन हे आईला कसं सांगायचं, याचं कुठलंच ड्रॉइंग माझ्याकडे नव्हतं.

आईनं ऐकून घेतलं. उठली, देवघरापुढे बसली आणि नंजुंडाला माझे केस कबूल करून आली. "बरा होऊ दे, मुडी देतो म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. मुडी देणं म्हणजे देवाच्या दारी डोक्याचा चकोट करणं. नंजनगूडचा देव रोग घेऊन जातो अशी आमच्याकडची समजूत आहे, आणि त्या बदल्यात लोक त्याला केस देतात.

"माझे केस तू कसे देतेस?" मी म्हणालो. कॅन्सर झालेल्या माणसाला वेगळी काळजी असायला हवी, हे मला मान्य आहे.

"देण्यासारखं दुसरं काय आहे रे तुझ्यात?" आई म्हणाली. तिनं हे प्रेमानं म्हटलं होतं.

देवाची पाळी मात्र आलीच नाही, कारण त्याच्या आधी औषधानं हात घातला. पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत उशीवर झुबके पडायला लागले. मी ते गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक परत चिकटवता येतील अशी आशा असावी. आरशात एक अनोळखी, कान मोठे असलेला माणूस दिसायला लागला. आई मात्र वेगळ्याच कारणानं अस्वस्थ झाली. देवाला बोललेली वस्तू देवाच्या हातात पडण्याआधीच गेली होती. "त्याला काय वाटेल?" ती पुन्हा पुन्हा म्हणायची. मी तिला समजावलं की देवाला केस हवे होते, ते गेलेच ना, हिशेब मिटला. ती माझ्याकडे असं बघायची की मी पुढचं वाक्य गिळायचो.

त्या औषधानं हातांच्या शिरा जळून गेल्या. सुई कुठे टोचावी ते कुणाला सापडेना. तेव्हा डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखालून एक मऊ नळी आत घातली. तिचं टोक मोठ्या शिरेतून खाली उतरून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशी ठेवलेलं, आणि दुसरं टोक छातीवर बाहेर लोंबतं. औषध द्यायचं, रक्त काढायचं, सगळं तिथून. मला ती नळी मनापासून आवडली. शेवटी माझ्या शरीरात माझ्या धंद्यातलं काहीतरी आलं होतं. भेटायला येणाऱ्यांना मी शर्टाचं बटण काढून ती दाखवायचो आणि एक्स-रेच्या पाकिटामागे तिचा छेद काढून समजावून सांगायचो. नात्यातली एक मावशी तो छेद बघता बघता उठून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

काही आठवड्यांनी नळी रुसली. औषध आत जायचं, पण रक्त बाहेर येईना. सिस्टर मला हात वर करायला सांगायची, खोकायला सांगायची, कुशीवर वळायला सांगायची. मी तिला म्हणालो की हा सरळसरळ स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, चोक झाल्याचा प्रकार आहे, आमच्या पंपांना नेहमी होतो. त्यात मला जिना चढताना दम लागायला लागला होता आणि गळा, चेहरा सकाळी सुजलेला असायचा. मी ते झोपण्याच्या पद्धतीवर ढकललं होतं. सिस्टरनं ढकललं नाही. तिनं जाऊन सांगितलं, आणि दुपारी मला इको करायला नेलं.

इको करणारी हृदयाची डॉक्टर नवीनच होती, पुण्याची. खोलीत अंधार, छातीवर थंडगार जेली, आणि पडद्यावर राखाडी रंगात माझं हृदय. मी पहिल्यांदाच बघत होतो. कप्पे, झडपा, आतबाहेर. मला गंमत वाटली, मी म्हणालो, "हे तर आमच्या पंपांसारखंच आहे." एकाच जागी यंत्र दाबून ती बराच वेळ बघत राहिली. उजव्या वरच्या कप्प्यात, नळीच्या टोकाला, काहीतरी चिकटलेलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला झोका घेत होतं. ड्रॉइंगमध्ये नसलेली वस्तू पंपात दिसली की आम्ही तिच्यावर बोट ठेवतो, तसं मी पडद्याकडे बोट केलं.

"रक्ताची गुठळी आहे," ती मराठीत म्हणाली. आमचं आडनाव बघून तिला अंदाज आला असावा. "नळी म्हणजे शरीरासाठी बाहेरची वस्तू. तिच्यावर कधी कधी रक्त धरतं. ही चांगलीच मोठी झाली आहे."

"मग नळी ओढून काढू या," मी म्हणालो. कारखान्यात मी हेच सांगितलं असतं.

"आणि ओढताना गुठळी निसटली तर? ती थेट फुफ्फुसात जाईल. मग आपण दोघं पुन्हा बोलणार नाही." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग नीट समजावलं. गुठळी झटकन विरघळवणारं जोरदार औषध असतं, पण कॅन्सरच्या औषधानं माझ्या रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या होत्या, तेव्हा त्या औषधानं मेंदूत रक्त वाहायची भीती. छाती उघडून गुठळी काढता येते, पण माझ्या त्या अवस्थेत टेबलावरून परत येईन याची खात्री कुणी दिली नसती. राहिला एकच मार्ग. हेपारिन नावाचं औषध थेंब थेंब चालू ठेवायचं, रक्ताला गोठू द्यायचं नाही. मग गुठळी वाढत नाही, आणि शरीर आपलं आपण तिला हळूहळू खाऊन टाकतं. ती लहान झाली की नळी काढायची. "नाहीच झाली, तर मग छाती उघडावी लागेल. तेव्हा लहान होऊ दे अशी इच्छा करा."

वॉर्डात आई वाट बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिलाही मराठीत सांगितलं आणि मध्येच विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"चामराजपेट," आई म्हणाली.

"नाही, पण मूळच्या?"

"चामराजपेटच, अम्मा. मूळ, फांदी, सगळं तिथेच."

हातात नवीन सुई टोचून औषधाची बाटली लावली गेली. सूचनाही मिळाल्या. ब्लेडनं दाढी करायची नाही. दात बोटानं घासायचे. नाक जोरात शिंकरायचं नाही. पडायचं नाही, आपटायचं नाही. जरासं खरचटलं तरी रक्त थांबणार नाही, म्हणून सांगायचं. मी सगळं पाठ केलं. वाढलेली दाढी, तुळतुळीत डोकं आणि सुजलेलं तोंड घेऊन मी पलंगावर पडून राहिलो. लग्नाचा फोटो तेव्हा काढला असता तर निदान चेहरा तरी आला असता.

काही दिवसांनी पुन्हा इको झाला. गुठळी होती तेवढीच. वाढली नव्हती, पण लहानही झाली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडी वाट बघू, पण सर्जनशी बोलून ठेवते. सर्जन येऊन माझ्या छातीकडे बघून गेला. माझ्याकडे नाही, छातीकडे. त्या दुपारी मी पहिल्यांदा विनोद करायचं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडलो. मला मरायचं नव्हतं, आणि आईला एकटं टाकून तर मुळीच मरायचं नव्हतं.

आई बाजूच्या स्टुलावर बसून होती. जरा वेळानं ती म्हणाली, "एक सांगू का? रागावू नको. त्याचा राग आहे हा. केस बोलले होते, दिले नाहीत. तो राग तिथे जाऊन बसलाय."

"आई, ते रक्त आहे."

"रक्तच रे. मी कुठे नाही म्हणते?"

तिचं सगळं ठरलेलं होतं. नंजनगूडला जाता येत नाही, तर आपल्या न्हाव्याला इथेच बोलवायचं. कानामागे आणि मानेवर जी थोडी चुकार लव राहिली होती ती काढून हळदीच्या फडक्यात बांधायची आणि ते फडकं कुणाच्या तरी हाती देवाकडे पाठवायचं. आमच्याकडे अडलेल्या माणसासाठी असं करतात. "स्वल्प तर आहेत की केस. तेवढे दिले की झालं."

आता मी काय म्हणायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. पण मला सूचना पाठ होत्या ना. ब्लेडनं दाढी करायची नाही, असं म्हटलं होतं. डोक्याचा उल्लेख नव्हता. ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेवढंच करायचं, न लिहिलेलं अंगावर घ्यायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. एवढी हुशारी मी त्या पलंगावर पडल्या पडल्या लढवली. खरं कारण वेगळंच होतं. देव न मानणारा मी त्या दुपारी कुठल्याही देवाला काहीही द्यायला तयार होतो.

न्हावी भेटीच्या वेळेत आला. एका पिशवीत मोसंबी, दुसरीत सामान. माझं डोकं बघून तो दारातच थबकला. इतकी वर्षं ज्या केसांच्या जोरावर त्यानं दुकानात भाव खाल्ला होता, त्यांची ही दशा. त्यानं डोळे पुसले, आणि मला त्याचीच समजूत घालावी लागली. आईनं पलंगाभोवतीचा पडदा ओढला. त्यानं नवीन ब्लेड दाखवून वस्तऱ्यात बसवलं, माझ्या मानेला पाणी लावलं. आई हळदीचं फडकं दोन्ही हातांनी पसरून मागे उभी राहिली. थोडी लव फडक्यात पडली. आई पुटपुटत देवाशी बोलायला लागली. सगळं अगदी छान चाललं होतं.

मग कानामागे त्याचा हात किंचित घसरला. अशी जखम दुकानात शंभर जणांना झाली असेल, तुरटी फिरवली की संपलं. त्यानं तुरटी फिरवली. रक्त येत राहिलं. त्यानं पुन्हा फिरवली. आईनं पदर दाबून धरला, पदर ओला झाला. "काही नाही, थांबेल," मी म्हणालो. माझ्या मानेवरून खाली, पाठीवर, चादरीवर काहीतरी कोमट उतरत होतं. न्हाव्याचा चेहरा मला दिसत होता, आणि त्यावरून मी घंटी दाबली.

सिस्टर आली, बघितलं आणि पहिल्यांदा औषधाची बाटली बंद केली. मग कापसाचा बोळा दाबून ती माझ्या डोक्यावर जवळजवळ बसलीच. डॉक्टरीणबाई धावत आल्या. पडद्याआडचं दृश्य त्यांनी नीट बघितलं: अर्धं भादरलेलं डोकं, वस्तरा, मोसंबी, हळदीचं फडकं. पुणेरी माणसाला अवाक् झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तुम्ही ड्राफ्ट्समन ना?" त्या शेवटी मला म्हणाल्या. "हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये होतं?"

मी म्हणालो, "सूचनेत दाढी लिहिली होती."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. सिस्टरला म्हणाल्या की रक्त थांबेपर्यंत हेपारिन बंद ठेवावं लागणार, आणि ते बंद असताना आत ती गुठळी काय करेल ते सांगता येत नाही. हे सगळं मराठीत. आईला ऐकू जावं म्हणून नव्हे, त्यांच्या तोंडून तसंच निघालं असावं. पण आईनं शब्दन् शब्द ऐकला. ती भिंतीला टेकून उभी होती, मुठीत ते फडकं, त्यात माझी चिमूटभर लव. "माझं चुकलं, डॉक्टरम्मा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रक्त थांबलं, पण फार सावकाश, मोठा पट्टा बांधून. औषध पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशीच्या इकोत गुठळी किंचित मोठी दिसली. सर्जन पुन्हा आला आणि या वेळी माझ्या चेहऱ्याकडेही बघून गेला, ते मला जास्त वाईट लक्षण वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला अडवून धरलं. आता औषध न थांबता चालू राहिलं तर अजून आशा आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हापासून आदर्श पेशंट झालो. कूस बदलायची तरी सिस्टरची परवानगी घ्यायचो. ती कंटाळून म्हणाली की श्वास विचारून घेतला नाही तरी चालेल.

आणि गुठळी लहान व्हायला लागली. एका इकोत तिचा झोका छोटा दिसला. पुढच्यात ती नळीवरचा नुसता फुगवटा उरली. मग एके सकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्र दाबून बराच वेळ शोधलं आणि म्हणाल्या, "नाहीये." मी विचारलं, नीट बघितलंत ना? त्या म्हणाल्या, "तुम्हीच बघा, तुमच्या पंपांसारखंच आहे ना ते?" कप्पा स्वच्छ होता. मी त्या अंधाऱ्या खोलीत, छातीवर जेली असताना, मोठ्यानं रडलो. त्यांनी माझ्या हातात टिश्यू दिला आणि जेली पुसायला आहे असं सांगितलं.

नळी काढली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या पुढे कित्येक महिने चालल्या. राहिलेलं कॅन्सरचं औषध कशाबशा सापडलेल्या शिरांतून पूर्ण झालं आणि गाठी विरल्या. मी घरी आलो, कारखान्यात गेलो. केस परत आले, तेही आधी कधी नव्हते असे कुरळे. न्हावी त्यांच्याकडे लांबूनच बघायचा, कात्रीसुद्धा भीत भीत लावायचा.

पण घरात काहीतरी बिघडलं होतं. आईनं सगळी ब्लेडं फेकून दिली होती. विळीवर जाड कापड घातलेलं असायचं. माझी नखं ती स्वतः कापायची, मी ती कुरतडतो म्हणून. ते चाललं असतं. पण सकाळी ती दिवा लावायची, हात जोडायची आणि उठून जायची. एक शब्द नाही. दूध पातळ आलं तरी नंजुंडाला कळत नव्हतं. मी केस विंचरत वाट बघायचो आणि देवघरातून नुसता काडी ओढल्याचा आवाज यायचा. मी ज्याला इतकी वर्षं हसलो ते बंद झालं होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता वस्तरा चालेल का? त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "सगळीकडे चालेल," त्या सावकाश, स्पष्ट म्हणाल्या. "दाढी, डोकं, सगळीकडे. तुमचं रक्त आता माझ्यासारखंच गोठतं."

घरी येऊन मी आईला सांगितलं, रविवारी नंजनगूडला जायचं.

"नको," ती म्हणाली. "त्याला सांगितलंय मी, केस नको मागू म्हणून. तेल देते. बिडु, सोड तो विषय."

"कधी सांगितलंस? तू बोलतेस कुठे त्याच्याशी?"

मी तिच्याशेजारी बसलो. "मला द्यायचेत," मी म्हणालो. "तू बोललीस, पण केस माझे आहेत." देव न मानणाऱ्या माणसाला यापेक्षा बरं वाक्य सुचलं नाही.

रविवारी आम्ही बसनं निघालो. नंजनगूडला नदीकाठी न्हावी ओळीनं बसलेले असतात, लोक येतात, डोकं पुढे करतात, पाच मिनिटांत मोकळे. मी एकासमोर मांडी घातली. "स्वल्प बग्गी, सार," तो म्हणाला आणि माझी मान खाली दाबली. ते कुरळे केस माझ्या मांडीत पडायला लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? चांगले केस होते. आई माझ्या समोर उभी होती आणि वस्तऱ्याकडे बघत होती, एकदाही पापणी न हलवता.

कानामागे पोचल्यावर त्याचा हात घसरला. त्याच कानामागे. चूक त्याची नव्हती, मीच दचकलो, कारण आईनं श्वास ओढला होता. रक्ताचा थेंब मानेवरून उतरला. न्हावी तुरटी शोधायला लागला, पण त्याच्या आधी आई खाली बसली होती आणि तिनं अंगठा जखमेवर दाबला होता. न्हावी काहीतरी म्हणाला, मागच्या माणसानं घाई केली. तिनं कुणाचं ऐकलं नाही. नदीवर लोक बुड्या मारत होते.

"बघ तरी," मी म्हणालो.

"थांब."

"आई, बघ तरी."

तिनं अंगठा उचलला. वाकून, अगदी नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. पदराच्या टोकानं टिपलं, पुन्हा बघितलं. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त तिचा श्वास लागत होता.

"गोठलं," ती म्हणाली.

मग ती तशीच, माझ्या अर्ध्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवून, देवळाच्या दिशेला तोंड करून बोलायला लागली. उशीर झाला खरा, पण काय करणार, अस्पत्रीत होता. दूध हल्ली फार पातळ येतं. समोरच्या अक्काच्या सुनेला मुलगी झाली. आणि हा, रस्सम अजून टाकतोच.